वादळानंतरचा अंधार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस येथे बोलावले आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली, ह्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. वसंतऋतूतील ह्या रम्य संध्याकाळी तारा, खांब आणि डीपी ह्यांविषयी बोलणाऱ्या माणसाला आपण काय म्हणाल, ह्याची आम्हांस थोडी धास्ती आहे. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय ऐकायला सरावलेल्या श्रोत्यांपुढे हा विषय रुक्ष वाटण्याजोगा आहे. परंतु घटकाभर कल्पना करा की ह्या क्षणी येथील दिवे गेले. पाच मिनिटे आपण शांत बसाल, दहाव्या मिनिटाला कुजबूज सुरू होईल, आणि अर्ध्या तासाने चालकांवर ओरडा होईल. आता अर्ध्या तासाच्या जागी अकरा महिने ठेवा. आज आम्ही अशा माणसांविषयी बोलणार आहोत, की ज्यांनी वादळ सोसल्यावर महिनोगणती अंधार सोसला, आणि ज्यांच्यापैकी कित्येकांना वाऱ्याने मारले नाही, अंधाराने मारले.

ह्या विषयाकडे आम्ही वळलो ते पुस्तके वाचून नव्हे. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग नावाचे चक्रीवादळ श्रीवर्धन–दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील माड, पोफळी, आंबे तर झोपवलेच, पण विजेचे खांबही रांगेने आडवे केले. करोनाची टाळेबंदी होती आणि वर पावसाळा येऊन ठेपलेला. त्यानंतर काही दिवसांनी मदतीचे सामान घेऊन आम्ही डोंगरउतारावरच्या एका वाडीत गेलो होतो. पंचवीसएक घरे असतील. सामानात आम्ही मोठ्या हौसेने मेणबत्त्या आणि कंदील नेले होते. एका म्हाताऱ्या आजीने कंदील हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "लायट नसली तरी चालंल बाबांनो. अंधाराला आमी भीत नाय. पर पाणी कधी येनार तेवढं सांगा." वाडीचे पाणी खालच्या विहिरीतून पंपाने वर चढत असे. पंप बंद म्हणून नळ कोरडा, आणि नळ कोरडा म्हणून सत्तरीची बाई हंडा घेऊन निसरड्या पायवाटेने खाली उतरत होती. आम्ही शहरातली माणसे वीज म्हणजे दिवा समजून गेलो होतो. त्या आजीने आम्हांस पहिला धडा दिला, की वीज म्हणजे पाणी. पुढे विचार करू लागल्यावर ध्यानात आले की वीज म्हणजे दळण, दूरध्वनीचा मनोरा, दवाखान्यातले शीतकपाट आणि त्यातली लसही.

आता त्या वाडीला इतके दिवस का थांबावे लागले? येथे चटकन उत्तर येते, की सरकारी कारभार. आम्हीही तेच म्हणून मोकळे झालो असतो. परंतु त्या दिवसांत बाहेरच्या जिल्ह्यांतून आणलेली वायरमन मंडळी भर पावसात, चिखलात, रात्रंदिवस खांब उभे करीत होती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून दोष कोठे आहे हे पाहण्यापूर्वी वीज परत कशी आणतात, हे पाहू.

विजेची व्यवस्था एखाद्या वृक्षासारखी असते. वीजनिर्मितीकेंद्र हे मूळ. तेथून मोठ्या मनोऱ्यांवरून जाणारी उच्च दाबाची वाहिनी हा बुंधा, उपकेंद्रे म्हणजे जेथे फांद्या फुटतात त्या जागा, अकरा हजार व्होल्टचे फीडर ह्या फांद्या, गावातली डीपी ही डहाळी, आणि तिथून आपल्या घरी येणारी तार हे पान. बुंधा तुटलेला असताना पानाला पाणी घालून उपयोग नाही. म्हणून दुरुस्ती वरून खाली होते. आधी केंद्र, मग मोठी वाहिनी, मग उपकेंद्र, मग रुग्णालय आणि पाणीपुरवठा, मग ज्या फीडरवर जास्त घरे आहेत तो फीडर, आणि सर्वांत शेवटी दोनचार खांबांवर अवलंबून असलेली दहावीस घरे. समजा, एका पथकापुढे दोन कामे आहेत. एका कामाने एका दिवसात दोन हजार घरे उजळतात आणि दुसऱ्या कामाने चार दिवसांत तीस घरे. आपण त्या पथकाचे प्रमुख असता, तर कोणते काम आधी केले असते? आम्हीही तेच केले असते. हा क्रम जगभर चालतो आणि त्यात कोणाची दुष्टबुद्धी नाही. पण त्याचा परिणाम असा, की डोंगरावरच्या माणसाचा नंबर प्रत्येक वादळात शेवटचा. एकदा शेवटचा असणे हा योगायोग मानता येईल. दर वेळी शेवटचा असणे हा योगायोग नव्हे.

शिवाय डोंगरात काम मुळातच अवघड. रस्ता वळणे घेत चढतो आणि वाहिनी मात्र सरळ खिंडीवरून उडी मारते. त्यामुळे पडलेला खांब रस्त्यापासून कितीतरी दूर, रानात असतो. दरड कोसळलेली असली म्हणजे खांबांची गाडी पायथ्याशीच थांबते. मग आठदहा माणसांनी खांब खांद्यावर घ्यायचा, कातळात खड्डा पाडायचा आणि हातांनी खांब उभा करायचा. सपाटीवर एका वाहिनीत बिघाड झाला तर पुष्कळदा दुसऱ्या बाजूने वीज फिरवून देता येते. डोंगरातली वाहिनी बहुधा एकेरी असते. मध्ये एक झाड पडले की पुढची सारी गावे अंधारात.

हे सारे एका ठिकाणी, एकाच वेळी आणि भयंकर प्रमाणात घडले ते कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको ह्या बेटावर. हे बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. तिथले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. मात्र बेटावर राहून त्यांना अध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. म्हणजे राज्यव्यवस्थेच्या वाहिनीवरही हे शेवटचेच घर म्हणावयाचे. बेटाच्या मधोमध पूर्वपश्चिम असा डोंगरांचा कणा आहे, कोर्डियेरा सेंत्राल. मोठी वीजकेंद्रे बहुतेक दक्षिण किनाऱ्यावर, आणि राजधानी सान हुआन व दाट वस्ती उत्तरेला. साहजिकच वीज डोंगर ओलांडून जाते.

२० सप्टेंबर २०१७ रोजी पहाटे मारिया नावाचे वादळ याबुकोआजवळ जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर, म्हणजे आमच्या निसर्गाच्या दुपटीहून अधिक. दोनच आठवड्यांपूर्वी इर्मा नावाचे वादळ बेटाला चाटून गेले होते आणि त्याने दहा लाखांहून अधिक ग्राहकांची वीज घालवली होती. ते सावरते न सावरते तोच मारियाने साऱ्या बेटाची, जवळजवळ पंधरा लाख ग्राहकांची वीज एका दिवसात नाहीशी केली. पावसाने डोंगरात चाळीस हजारांहून अधिक दरडी कोसळल्या. शंभर दिवसांनी, डिसेंबर अखेरीस, सरकारने आकडा जाहीर केला, तेव्हा शंभरांतील पंचेचाळीस ग्राहक अजून अंधारात होते. पुढे हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी बेटावरील घरांची पाहणी केली. वादळापासून डिसेंबर अखेरपर्यंतच्या काळात घरांनी सरासरी ८४ दिवस विजेवाचून आणि ६८ दिवस पाण्यावाचून काढले होते. आमच्या आजीचे म्हणणे ह्या आकड्यांतही दिसते. आणि सर्वांत दुर्गम भागातील शंभर घरांपैकी ८३ घरांत त्या साऱ्या काळात एक दिवसही वीज आली नव्हती. वीज सर्वत्र परत आल्याचे तिथल्या वीजमंडळाने सांगितले ते ऑगस्ट २०१८ मध्ये.

आता मृत्यूंविषयी. सरकारी आकडा कित्येक महिने ६४ असा होता. झाड अंगावर पडून, पुरात वाहून, दरडीखाली सापडून मेलेली माणसे त्यात मोजली होती. पण गावोगावच्या लोकांना माहीत होते, की आपल्याकडे अंत्ययात्रा ह्याहून पुष्कळ जास्त निघाल्या आहेत. शेवटी जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाकडे अभ्यास सोपविण्यात आला. फेब्रुवारी २०१८ पर्यंतच्या काळात नेहमीपेक्षा जास्त किती माणसे मेली हे त्यांनी काढले आणि आकडा निघाला २,९७५. सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये तोच अधिकृत म्हणून स्वीकारला. ह्यांत वृद्ध पुष्कळ होते, आणि गरीब भागांत मृत्यूचा धोका अधिक तर होताच, शिवाय तो अधिक काळ टिकून राहिला. ६४ आणि २,९७५ ह्यांमधले जे अंतर, ते आजच्या आमच्या व्याख्यानाचा विषय आहे. प्राणवायूचे यंत्र बंद पडणे, इन्सुलिन खराब होणे, डायलिसिसची पाळी चुकणे, रस्ता नाही आणि दूरध्वनीही नाही म्हणून दवाखाना न गाठता येणे, ही सारी ह्या अंतराच्या पोटात आहेत. वादळ एका दिवसात गेले. मरण मात्र त्यानंतर महिनोन् महिने, एकेका घराचे दार ठोठावीत फिरत राहिले.

हे सारे दैवाने झाले काय? वारा दैवाचा म्हणा. पण पुढचा सगळा अंधार दैवाच्या माथी मारता येत नाही. तिथल्या वीजमंडळावर सुमारे ९०० कोटी डॉलरांचे कर्ज होते आणि वादळापूर्वी तीन महिन्यांच्या आतच, जुलै २०१७ मध्ये, त्याने दिवाळखोरी जाहीर केली होती. वर्षानुवर्षे देखभालीला कात्री लागली होती. तारांवर आलेली झाडे तोडली गेली नव्हती. जुने अनुभवी कामगार कमी झाले होते. खांब, तारा, रोहित्रे ह्यांचा साठा अपुरा होता, आणि समुद्रापलीकडून तो यायला आठवडे लागले. अमेरिकेत एका राज्यात वादळ झाले की शेजारच्या राज्यांतली पथके धावून येण्याची एक चांगली पद्धत आहे. ह्या वीजमंडळाने तिचा उपयोग वेळेवर केला नाही. त्याऐवजी ३० कोटी डॉलरांचे काम अशा एका लहान कंपनीला दिले, की जिच्याकडे वादळाच्या वेळी कायम नोकर दोनच होते. गवगवा झाला आणि ऑक्टोबर अखेरीस ते कंत्राट रद्द करावे लागले. तहान लागल्यावर विहीर खणायची, आणि तीही भलत्याच माणसाकडून, असा हा प्रकार. पुढे काम झाले ते प्रचंड झाले. सुमारे ५२,००० नवे खांब उभे राहिले, हेलिकॉप्टरने डोंगरात सामान पोहोचले. पण तोवर जायची ती माणसे गेली होती.

आता दुसरी बाजू सांगतो, कारण ती सांगितली नाही तर आपण येथून नुसती हळहळ घेऊन जाल.

उतुआदो नावाचा डोंगरी तालुका आहे. तिथल्या रिओ आबाहो ह्या वस्तीचा पूल नदीने नेला. लोकांनी दोन तीरांवर दोर ताणला, बाजारात सामान ढकलायची चाकांची गाडी असते ती कप्पीला टांगली, आणि तीतून अन्नपाणी व औषधे पलीकडे नेऊ लागले. तेथे त्यांनी एक पाटी लावली, 'विसरलेल्यांचा तळ'. ही पाटी जगभर छापून आली. लोकांनी रडत बसण्याऐवजी कप्पी लावली, हे तर खरेच, पण पाटी लावायलाही ते विसरले नाहीत.

दुसरे उदाहरण वायव्येकडील सान सेबास्तियान ह्या गावचे. तिथले महापौर हावियेर हिमेनेस ह्यांनी वाट पाहणे सोडले. वीजमंडळातून निवृत्त झालेले लाइनमन, गावातले इलेक्ट्रिशियन, नगरपालिकेचे नोकर आणि हौसेने आलेले शेजारी ह्यांना त्यांनी एकत्र केले, आणि ह्या मंडळींनी डोंगरातल्या वाहिन्या स्वतः दुरुस्त करून शेकडो घरांत वीज आणली. गावाच्या जुन्या नावावरून त्यांनी आपल्या पथकाला गमतीने 'पेपिनो वीजमंडळ' असे नाव घेतले.

येथे कोणी विचारील, की असे हौशी काम धोक्याचे नाही काय? पुष्कळ धोक्याचे आहे. मेलेली तार कधी जिवंत होईल सांगता येत नाही. कोणी घरात जनरेटर लावला आणि मुख्य स्विच बंद न करता तो घरच्या वायरिंगला जोडला, तर तीच वीज उलटी वाहत डीपीपर्यंत जाते, डीपीत तिचा दाब वाढतो, आणि पलीकडच्या खांबावर चढलेला माणूस कोळसा होऊन खाली पडतो. म्हणूनच आपला वायरमन उपकेंद्रातून परमिट घेतल्यावाचून आणि तारांना अर्थिंग लावल्यावाचून हात घालीत नाही. सान सेबास्तियानचे यश नुसत्या धाडसाचे नव्हते. ज्यांनी आयुष्यभर हेच काम केले अशा जाणत्या हातांचे ते होते. असे हात कोठे आहेत हे गावाला माहीत होते, एवढाच फरक.

तिसरे उदाहरण आदहुन्तास ह्या डोंगरातील लहान गावाचे. तेथे आलेक्सिस मासोल आणि त्यांच्या पत्नी तिंती देया ह्यांनी १९८० साली 'कासा पुएब्लो', म्हणजे लोकांचे घर, अशी संस्था काढली. डोंगर पोखरून तांबे काढण्याच्या बेताला विरोध करण्यासाठी ती निघाली. ती लढाई लोकांनी जिंकली. पुढे संस्था स्वतःची कॉफी विकून स्वतःच्या पायांवर उभी राहिली, आणि १९९९ मध्ये तिने आपल्या छपरावर सूर्यप्रकाशापासून वीज घेण्याची व्यवस्था केली. तेव्हा पुष्कळांना तो छांदिष्टपणा वाटला असेल. मारियानंतर साऱ्या गावात दिवा होता तो ह्याच घरात. लोक तेथे औषधे शीतकपाटात ठेवायला येत, यंत्रे भारून न्यायला येत, नातलगांचा निरोप लावायला येत. संस्थेने हजारो सौरदिवे वाटले, आजाऱ्यांच्या घरांवर, दुकानावर, न्हाव्याच्या दुकानावरसुद्धा सौरपट्ट्या बसविल्या. १८ सप्टेंबर २०२२ रोजी फिओना वादळाने पुन्हा साऱ्या बेटाची वीज गेली, तेव्हा आदहुन्तासमधली ही घरे उजेडात राहिली. मार्च २०२३ मध्ये गावच्या चौकातील दुकानांसाठी सूर्यशक्तीचे आणि साठवणीच्या बॅटऱ्यांचे स्वतंत्र वीजजाळे तेथे सुरू झाले. मोठी वाहिनी तुटली तरी गावात औषध आणि पाव मिळावा, हा त्यातला हेतू.

ह्यावरून 'तारा काढून टाका आणि छपरावर पट्ट्या लावा' असे आम्ही सांगत आहोत, असा समज कृपा करून करून घेऊ नका. सूर्यही ढगाआड जातो. आमच्या कोकणात तर जून ते सप्टेंबर तो सुट्टीवरच असतो. पिठाची गिरणी, मोठा पंप, कारखाना ह्यांना वाहिनी हवीच. आमचे म्हणणे एवढेच, की दुरुस्तीच्या रांगेत कोणीतरी शेवटचा असणार हे जर अटळ असेल, तर शेवटच्या माणसाला थांबणे शक्य व्हावे, अशी तरतूद आधी केली पाहिजे. रांगेत उभे राहण्याने पाय दुखले तर हरकत नाही, जीव जाता कामा नये.

तरतूद काही अचाट नाही. आरोग्य उपकेंद्राचे शीतकपाट, गावच्या पाण्याचा एक लहान पंप आणि दूरध्वनीचा मनोरा, ह्या तीन गोष्टी मोठ्या वाहिनीवाचून काही दिवस चालतील एवढी स्थानिक वीज प्रत्येक डोंगरी गावात हवी. खांब आणि तारा जूनपूर्वीच तालुक्याच्या गावी येऊन पडलेल्या हव्यात, वादळानंतर निविदा काढून नव्हे. तारांवरची झाडे चैत्र-वैशाखात छाटलेली हवीत. प्राणवायूच्या यंत्रावर किंवा इन्सुलिनवर जगणारी माणसे कोणत्या घरात आहेत, ह्याची यादी ग्रामपंचायतीत हवी. आणि प्रत्येक दहापाच वाड्यांमागे दोन जाणती, शिकविलेली, परमिटाची शिस्त पाळणारी माणसे हवीत, म्हणजे बाहेरचे पथक येईल तेव्हा त्याला वाट दाखवायला, खड्डे काढून ठेवायला गावचे हात तयार असतील.

ह्यावर शहरातला माणूस म्हणेल, की थोड्या घरांसाठी एवढा खर्च आम्ही का सोसावा? त्याला आम्ही इतिहास सांगू. प्वेर्तो रिकोच्या वीजमंडळाची १९४१ साली स्थापना झाली, तेव्हा त्याचे नावच मुळी नद्यांवरून ठेवले होते, कारण आरंभीची पुष्कळशी वीज डोंगरातल्या पाण्याचीच होती. उतुआदोच्या परिसरात त्यासाठी धरणे झाली, आणि त्याच उतुआदोत पुढे विसरलेल्यांचा तळ उभा राहिला. आमच्याकडे तरी वेगळे काय आहे? १९१५ साली खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, ती सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाची. कोयनेने पुढे तेच काम केवढ्या तरी मोठ्या प्रमाणावर केले, आणि त्यासाठी खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली. ज्या डोंगराने शहराला प्रथम उजेड दिला, त्याच डोंगराला उजेड देण्याची पाळी आली की आम्ही घरे मोजायला बसतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तेव्हा हा खर्च दानधर्म नव्हे, जुने देणे आहे.

त्या वाडीतल्या आजीला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. पाणी कधी येणार हे आम्हांस माहीत नव्हते, आणि ज्यांना माहीत असावयास हवे त्यांनाही ते सांगता येत नव्हते. पुढे तेथे वीज आली, पंप सुरू झाला. पण वादळे काही संपलेली नाहीत. निसर्गानंतर वर्ष उलटण्याच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते आमच्याच किनाऱ्याला घासून गेले. पुढचे येईल तेव्हा ती किंवा तिच्यासारखी दुसरी कोणी हाच प्रश्न विचारील. त्या वेळी तिच्या हाती आणखी एक कंदील द्यावयाचा की पंप चालू ठेवावयाचा, हे वादळाच्या दिवशी ठरत नसते. ते आजच्यासारख्या स्वच्छ, निवांत दिवसांत ठरते.